मौलाली मुलाण्याची नजर

नबीलाल मुलाण्यानं आपल्या पोराला पहिल्यांदा फोकानं बडवलं तेव्हा पोर पाच वर्षांचं होतं, आणि त्याचा गुन्हा एवढाच होता की हाक मारल्यावर त्यानं मान वळवली नाही. दारात कोंबडी माती उकरत होती. मौलाली उकिडवा बसून तिच्या पायांकडं बघत होता. बापानं एकदा हाक मारली, पुन्हा मारली, मग शिवी घालून मारली. पोर ढिम्म. तेव्हा निरगुडीचा फोक आला आणि पाठीवर वळ उठले. पहिला फटका बसला तरी पोर कोंबडीच्या पायांकडंच बघत होतं. दुसऱ्याला ते कळवळून रडलं, पण रडतानाही नजर तिथंच. चुलीपुढून जुलेखा, त्याची आई, धावत आली आणि तिनं नवऱ्याचा हात धरला. तिसरा फटका तिच्या मनगटावर बसला.

"भैरं न्हाय त्ये," ती ओरडली. "कोंबडी बघतंय!"

"मग मला बघायला सांग की त्येला," नबीलाल म्हणाला आणि फोक फेकून निघून गेला.

कोल्हापूरहून गगनबावड्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर, डाव्या हाताला आत शिरलं की कुरणवाडी. मौलाली जन्मला तेव्हा गावाच्या सुईणीनं, चिमणाबाईनं, त्याला पाण्यानं पुसलं, दिव्यासमोर धरलं आणि म्हणाली, "जुलेखा, पोराचं डोळं वर चढल्यात गं. अंग बी लई लुळं हाय." कोल्हापूरच्या डॉक्टरानं पोराच्या तळहातावरची एकच आडवी रेघ बघितली, जीभ बघितली आणि सांगितलं, की ही मुलं अशीच असतात, डोकं वाढत नाही, बारा वर्षं जगला तरी पुष्कळ. आता ह्याला डाऊन सिंड्रोम म्हणतात. तेव्हा डॉक्टर मंगोल म्हणत आणि गाव येडं म्हणे. गावाचं ऐकायला फी पडत नसल्यामुळं तेच नाव राहिलं.

गावात मराठ्यांची घरं शे-दीडशे, मुलाण्याचं एक. पण त्या एका घरावाचून बाकीच्यांच्या चुलीवर मटण चढत नसे. देवीचं बकरं असो की जावयासाठी कापलेलं कोंबडं, मुलाण्यानं बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवली तरच ते खायचं, ही बापजाद्यांपासूनची रीत. का, असं कुणी विचारत नव्हतं. बकऱ्यामागं कातडं आणि मटणाचा वाटा मुलाण्याच्या घरी जायचा, सुगीला बलुतं मिळायचं. त्यावर ते घर जगत होतं. नबीलालला दुसरं मूल झालं नाही. म्हणजे ह्या सुरीला पुढं हात कुठला, हा प्रश्न मौलालीच्या जन्मापासूनच घरात बसून होता.

आणि त्याहून मोठा प्रश्न जुलेखाच्या छातीवर होता. आपण दोघं मेल्यावर ह्या पोराला घास कोण घालणार? ती हे नवऱ्याला रोज विचारायची आणि नवरा रोज चिडायचा.

पोराच्या नजरेचं कोडं तिनं एकटीनंच उलगडलं. आधी तीही चुकली. तिनं सूपभर तांदूळ पसरून त्याच्यापुढं ठेवला, "खडं काढ" म्हणाली आणि पाण्याला गेली. येऊन बघते तर एकही खडा निघालेला नाही. पोराची नजर सुपाच्या काठावर, मग माशीवर, मग कुठंच नाही. तिनं थोबाडीत मारली. मग एक दिवस सूप शेजारणीनं नेलं होतं म्हणून तिनं काळ्या पदरावर मूठभर तांदूळ टाकले, आणि पोरानं त्यातला खडा न् खडा वेचून तिच्या हातावर ठेवला. पसरलेलं त्याला दिसत नव्हतं. मूठभर दिसत होतं, आणि जे दिसलं त्यावर नजर खिळ्यासारखी बसत होती. मारलेली थोबाडीत आठवून जुलेखा त्या दिवशी जेवली नाही.

हाक मारून उपयोग नाही, हेही तिला कळलं. तो बघत असेल तिथं आपला हात न्यायचा. जरा थांबायचं. हात दिसला की त्याची नजर हातावर चढायची. मग हात हळूच वर न्यायचा, आपल्या तोंडापर्यंत. नजर हाताबरोबर वर यायची आणि पोर आईचं तोंड बघून असं हसायचं, की जणू आई आत्ताच गावाहून आली. मग सांगितलेलं सगळं त्याला कळायचं. जेवायला चल म्हटलं की चालायचा, शेळी बांध म्हटलं की बांधायचा. येडं म्हणणाऱ्यांनी एकदा एवढं करून बघितलं असतं तर! पण तेवढा धीर धरणारं माणूस त्या गावात एकच होतं.

गावच्या पोरांनाही ती खोड कळली, पण त्यांनी तिचा खेळ केला. मौलालीपुढं भोवरा फिरवायचा. तो भोवऱ्यात गुंतला की मागून चिंचेच्या शिंपट्यांनी सपासप मारायचं, दगड घालायचे. कोण मारतंय ते वळून बघायचं त्याला सुचत नसे. एकदा डोक्याला खोक पडून रक्त गळ्यात उतरलं तरी हा भोवरा थांबायची वाट बघत उभा. जुलेखानं ते बघितलं आणि चुलीतला तापलेला चिमटा घेऊनच ती धावली. बाळासो चव्हाणाच्या पुतण्याच्या पोटरीवर तिनं तो असा ठेवला, की पोरगं महिनाभर लंगडत होतं. त्यापायी बाळासोच्या माणसांनी येऊन घराची कौलं फोडली. चिमट्याचं तिला कधीही वाईट वाटलं नाही.

मौलाली बारा वर्षांचा झाला, पंधराचा झाला. डॉक्टरांनी दिलेली मुदत संपली तरी पोर मरायला तयार नव्हतं. उलट दंडांनी भरलं, मिशी फुटली. आणि त्याच सुमाराला नबीलालच्या उजव्या हाताला कंप सुटला.

आधी पेल्यातलं पाणी सांडायचं. मग एक दिवस बाळासोच्या अंगणात, पावणेरावळे बसलेले असताना, सुरी अर्धीच फिरली. बकरं अर्ध्या कापल्या मानेनं उठलं आणि रक्ताच्या चिळकांड्या उडवत अंगणभर धावलं. पावण्यांच्या पांढऱ्या धोतरांवर, रांगोळीवर, पाळण्यातल्या पोरावर रक्त. शेवटी कुणीतरी कुऱ्हाडीच्या मागच्या तुंब्यानं त्याचं डोकं फोडलं, तेव्हा ते पडलं. ते मटण कुणी खाल्लं नाही. बाळासोनं पायातलं पायताण काढलं आणि चारचौघांत नबीलालच्या तोंडावर हाणलं.

"हात जमंना झाल्यावर सुरी सोडायची, मुलाणी! शेजारच्या गावचा गैबी बोलावतो आता."

गैबी नबीलालचा चुलतभाऊ. कुरणवाडीच्या सुरीवर त्याचा डोळा बरीच वर्षं होता आणि तो ते लपवतही नव्हता.

नबीलाल सुजलेलं तोंड घेऊन घरी आला आणि भिंतीकडं तोंड करून बसला. जुलेखा त्याच्यासमोर जाऊन बसली. "पोराला शिकवा," ती म्हणाली.

नबीलाल हसला, आणि हसताना फुटलेला ओठ दुखला म्हणून त्यानं शिवी हासडली. पण दुसऱ्या दिवशी त्यानं केळीचा एक खुंट आणला, त्यावर कुंकवानं एक रेघ ओढली आणि पोराच्या हातात सुरी दिली. मौलालीनं रेघ बघितली. सुरी बघितली. नबीलालनं त्याचा हात धरून एकदा फिरवून दाखवली. दुसऱ्यांदा पोरानं एकट्यानं फिरवली आणि रेघ अशी दुभंगली, की नबीलालनं खाली वाकून ती बोटानं चाचपली. "अल्ला!" एवढंच तो म्हणाला.

खुंटावरून कोंबड्यावर यायला वेळ लागला नाही. "बिस्मिल्ला अल्लाहु अकबर" मौलालीच्या जाड जिभेवर नीट बसेना; "मिल्ला अकबर" असं बसलं. तेही मनापासून. कोल्हापूरच्या मौलवींना जुलेखानं स्वतः जाऊन विचारलं. त्यांनी मौलालीशी बराच वेळ बोलून बघितलं आणि म्हणाले, समजून नाव घेतोय, खुदा जीभ मोजत बसत नाही.

अडचण निघाली ती बकऱ्यावर. बकऱ्याला धरायला चारजण लागतात. कुणी पाय धरतो, कुणी तोंड. मौलालीची नजर गळ्यावर असायची, पण तिथं एखादा हात हलला की नजर त्या हातावर चढायची आणि हाताबरोबर वर, त्या माणसाच्या तोंडापर्यंत जायची. आईनं लावलेलं वळण. नजर वर आणि सुरी खाली चालूच. असंच एकदा नबीलालच्या अंगठ्याचं पेर उघडं पडलं. त्यानं अंगठा फडक्यात आवळला आणि जुलेखाकडं असं बघितलं, की तिला कळलं, हे आपलं पाप आहे.

"ही तुझी खोड मोडाय लागंल," तो म्हणाला.

"मोडा," जुलेखा म्हणाली. हे ती म्हणाली, हे कुणी तिच्यावर लादलेलं नव्हतं.

मग घरामागच्या परड्यात शाळा भरली. पोरानं खुंटावरची रेघ बघायची. नबीलाल मधूनच आपला हात रेघेजवळ न्यायचा. पोराची नजर हातावर गेली की दुसऱ्या हातातला फोक पाठीवर. "हात बघायचा न्हाय! गळा बघायचा!" पुन्हा हात. पुन्हा फोक. सपकन आवाज यायचा आणि मागोमाग पोराचं हंबरणं. जुलेखा आत भाकरी थापत बसायची. फोक वाजला की तिचा हात परातीवर जोरात पडायचा आणि भाकरी फाटायची. पहिल्या दिवसांत पोराच्या पाठीवर जागा उरली नाही, तेव्हा पोटऱ्यांवर मारलं. वळांवर तीच हळद लावायची आणि दुसऱ्या दिवशी तीच त्याला परड्यात पाठवायची. अशी आई कुणी बघितली आहे का? पण उपाशी मेलेलं येडं पोर गावोगावच्या उकिरड्यावर तिनं बघितलं होतं.

एक दिवस परड्यातून नुसताच "गळा बघायचा" असा आवाज आला आणि फोक वाजला नाही. नंतरही वाजला नाही. संध्याकाळी मौलाली जेवायला बसला, ताटातल्या कांद्याकडं बघत. जुलेखानं सवयीनं कांद्यावर हात धरला. थांबली. पोरानं हाताच्या कडेनं वाकून कांदाच बघितला. तिनं हात वर नेला, रिकामाच गेला. ती उठून चुलीमागं गेली आणि पदर तोंडात कोंबून रडली. बाहेर नबीलाल शेजाऱ्यांना मोठ्यानं सांगत होता, की पोरगं तयार झालं.

आणि खरंच झालं होतं. पुढची काही वर्षं त्या घरानं सुख बघितलं. मौलालीच्या हाताखाली बकरं ओरडत नसे. एकदा नजर गळ्यावर बसली की हलगी वाजो, पोरं बोंबलोत, बायका अंगात आणून घुमोत, त्याच्यापर्यंत काही पोचत नसे. नाव घ्यायचं, सुरी फिरवायची, तडफड थांबेपर्यंत गुडघा हलवायचा नाही, मग सुरी पुसायची आणि वर बघून हसायचं. थोरल्या आळीचे हंबीरराव पाटील, गावचे जुने मानकरी, चारचौघांत म्हणाले, "बापापरास लेकाची सुरी ग्वाड हाय." त्यांनी मौलालीला पटका बांधला. तो पटका घालून पोर झोपायचंही. ज्या पोरांनी भोवरा फिरवून त्याला मारलं होतं, ती आता बापई गडी झाली होती आणि "मौलाली, आमचं आधी घे की रं" म्हणत दारात उभी राहत होती. जुलेखा त्यांना मुद्दाम ताटकळत ठेवायची. एवढा तरी सूड तिचा होता.

आता मानाचं सांगायला हवं, कारण सगळं जळलं ते त्यापायी. कुरणवाडीची म्हाई म्हणजे गावजेवणाची वार्षिक जत्रा, मरगाईच्या माळावर. त्या दिवशी देवीपुढं पहिलं बकरं थोरल्या आळीचं, म्हणजे हंबीररावांचं. मग धाकट्या आळीचं. मग बाकीचं गाव. का, तर आजोबा-पणजोबांनी ठरवलं म्हणून. एक्याऐंशी साली धाकट्या आळीच्या बाळासोनं दूध संस्थेची निवडणूक हंबीररावांना पाडून जिंकली, आणि गुलाल धुवायच्या आधीच जाहीर केलं, की औंदा पहिलं बकरं आपलं. एका बकऱ्याची मान आधी का नंतर, ह्यावर शहाणीसुरती माणसं काठ्यांना तेल लावत बसली. येडं कोण होतं त्या गावात, सांगा.

म्हाईच्या सकाळी नबीलाल जुलेखाला म्हणाला, "आज पोराला घिऊन कोल्हापूरला जाऊया काय?"

"आणि गैबी आला मंजी?" ती म्हणाली. "एकदा सुरी गेली की गेली." नबीलालनं कंप सुटलेला हात काखेत दाबून धरला आणि पोराला घेऊन माळावर गेला.

बायकांनी कापायच्या जागी जायचं नाही, अशी रीत. जुलेखा देवळाच्या कट्ट्यावर चिमणाबाईजवळ उभी होती. तिथून माळ दिसत होता. थोरल्या आळीची हलगी अजून वेशीत वाजत होती, तोच बाळासोची माणसं बकरं घेऊन आडव्या वाटेनं आली. बकऱ्याला मौलालीपुढं पाडलं. चौघांनी धरलं.

"घे," बाळासो म्हणाला.

"मालक, थोरली आळी येऊ द्या," नबीलाल हात जोडून म्हणाला. "रीत हाय."

बाळासोनं कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या छातीवर टेकवला. "रीत मी सांगतो आता. पोराला सांग."

सांगायची गरजच नव्हती. गळा समोर आला होता. मौलालीनं गुडघा टेकला, नजर बसवली, "मिल्ला अकबर" म्हणाला. तेवढ्यात वेशीतून हंबीरराव माणसं घेऊन धावत आले, काठीनं दोघांना आडवं करत मधे घुसले आणि बकरं ओढून घ्यायला त्यांनी हात घातला. नेमका गळ्यावर.

मौलालीनं हात बघितला नाही. बघायचा नसतो, हे त्याच्या पाठीवर लिहिलेलं होतं.

हंबीररावांची दोन बोटं मातीत पडली. मग एक आरोळी उठली आणि त्यानंतर कोण कुणाला मारतंय हे कळेना. काठ्या, दांडे, दगड. एकाचा जबडा निखळून लोंबला, एकाचं डोकं नारळासारखं फुटलं. पण दोन्ही आळ्या एकमेकांना मारून दोन-चार तडाख्यांतच दमल्या, आणि मग त्यांना सोपं माणूस सापडलं.

"मुलाण्यानं बोटं तोडली!" हे पहिल्यांदा बाळासोच ओरडला. सगळ्यांना ते पटलं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला आपल्याकडं कधी वेळ लागत नाही.

"पोराला दिसलं न्हाय, पाटील!" नबीलाल मौलालीच्या पाठीमागं आडवा उभा राहिला. "मी शिकीवलंय त्येला तसं! मला मारा!"

त्यांनी त्याचं ऐकलं. थोरल्या आळीच्या काठ्या होत्या, धाकट्या आळीचेही दांडे होते. सकाळपासून पहिल्यांदाच दोन्ही आळ्यांचं एकमत झालं होतं. नबीलालचे हात मोडले, मग गुडघे, मग तो खाली पडला आणि वरून मारणं चालू राहिलं. एक दांडा मौलालीच्या डोक्यावरही बसला. पटका लाल झाला. कपाळावरून रक्त डोळ्यांत उतरलं. त्यानं बाहीनं डोळे पुसले, गळा दिसावा म्हणून. हातभर अंतरावर बाप मरत होता आणि बकऱ्याची तडफड अजून थांबली नव्हती.

जुलेखा कट्ट्यावरून उतरली तेव्हा चिमणाबाईच्या हातात तिच्या लुगड्याचा फाटका काठ राहिला. काठ्यांच्या खालून, माणसांच्या तंगड्यांतून, एकाच्या हाताला कडाडून चावून ती पोरापर्यंत पोचली. तिनं त्याच्या नजरेपुढं हात धरला. "मौला, वर बघ. अब्बाकडं बघ!"

मौलालीनं तिचा हात धरला आणि अलगद बाजूला केला.

"हात न्हाय," तो तिला समजावत म्हणाला. "गळा."

जुलेखाच्या तोंडातून जो आवाज निघाला तो माणसाचा नव्हता. तिनं रक्तानं माखलेल्या दोन्ही हातांत त्याचं डोकं धरलं आणि ताकद लावून, मान मोडेल की काय अशा जोरानं, बापाकडं फिरवलं. तोवर बकरं थांबलं होतं. मौलालीला आता बाप दिसला. त्यानं सुरी पुसली, बापाजवळ सरकला आणि हसला.

"झालं, अब्बा," तो म्हणाला. "चांगलं झालं. ऊठ."

नबीलालचे डोळे त्याच्याकडं होते. तोंडातून रक्ताचा फेस येत होता. पोर काय म्हणालं ते त्याला कळलं असावं, असं जुलेखाला मरेपर्यंत वाटत होतं. निदान तसं तिनं धरून ठेवलं होतं. हंबीररावांना जीपमध्ये घालून कोल्हापूरला नेलं. जीपमध्ये मागं जागा होती, पण मुलाण्याला उचला असं कुणी म्हणालं नाही. नबीलाल माळावरच गेला. मौलाली "ऊठ" म्हणत राहिला, आणि त्याची नजर तिथून काढायला कुणाकडंच इलाज उरला नव्हता. मयत उचलली तेव्हा तो तिच्याबरोबर नजर बांधल्यासारखा चालत गेला.

फौजदार आला. एकेकाला चावडीत उभं केलं. शेकडो माणसांच्या डोळ्यांदेखत माणूस मेला होता, आणि प्रत्येकानं सांगितलं, "साहेब, आमचं लक्ष न्हवतं." कुणाचं लक्ष हलगीकडं होतं, कुणाचं देवीकडं, कुणाचं पाटलांच्या बोटांकडं. जुलेखानं सोळा नावं सांगितली, प्रत्येकाच्या बापाच्या नावासकट. फौजदार म्हणाला, "बाई, अजून कुणी साक्षीदार?" तिनं चिमणाबाईकडं बघितलं. चिमणाबाईनं, जिनं मौलालीला जन्मताना झेललं होतं, मान खाली घातली. तिचे दोन लेक बाळासोच्या रानात राबत होते. कोल्हापूरच्या कोर्टात तारखा पडत राहिल्या आणि सोळाजण दर तारखेला एकाच ट्रकमधून जाऊन, मिसळ खाऊन परत येत राहिले.

वर्ष फिरलं. म्हाई जवळ आली. बाळासोनं गैबीला निरोप धाडला. ज्या गैबीनं ह्या सुरीसाठी इतकी वर्षं जीव टाकला, त्यानं निरोप्याला दारातच उभं ठेवून सांगितलं, "ज्या गावानं मुलाणी मारला त्या गावात मी सुरी धरणार न्हाय." त्याच्या पलीकडच्या गावच्या मुलाण्यानंही तेच सांगितलं, आणि त्याच्याही पलीकडच्यानं. कळंब्यापासून पार घाटापर्यंत कुरणवाडीला मुलाणी मिळेना. बकरी दावणीला बांधून होती, पावण्यांना आमंत्रणं गेली होती, आणि गावाला तर बिनबिस्मिल्लाचं मटण घशाखाली उतरत नव्हतं.

तेव्हा हंबीरराव आणि बाळासो दोघं मिळून जुलेखाच्या दारात आले. म्हाईसाठी त्यांचा समेट झाला होता. पहिलं बकरं दोघांचं सामाईक ठरलं होतं. माणूस मारायच्या आधी हे सुचलं असतं तर! मौलाली उंबऱ्यावर बसून मुंग्यांची रांग बघत होता. घरात दोन दिवसांचं पीठ होतं.

"भाभी," हंबीरराव म्हणाले, "झालं गेलं गंगेला मिळालं. मौलालीला पाठवा. बलुतं डबल करतो. त्येच्या जल्माची काळजी गावाला."

हेच ऐकायला जुलेखा बावीस वर्षं थांबली होती. ह्याच शब्दांसाठी तिनं पोराची पाठ सोलू दिली होती. तिनं पोराकडं बघितलं, मग ह्या दोघांकडं.

"पाठवते," ती म्हणाली. "उद्या कोर्टात चला. काठी कुणाकुणाची हुती, त्ये सांगा. आल्या आल्या पोरगा माळावर उभा ऱ्हाईल."

बाळासो चुळबुळला. "आता भाभी... त्या गर्दीत आमचं लक्ष कुठं हुतं?"

"मग माझ्या पोराचं बी लक्ष न्हाय," जुलेखा म्हणाली. "जावा."

"खाशील काय?" हंबीरराव भडकून ओरडले, दोन बोटं नसलेला हात तिच्यासमोर नाचवत. "भीक मागाय लावशील त्येला!"

"मागंल," ती म्हणाली. "पर तुमच्या दारात न्हाय."

त्या साली कुरणवाडीची म्हाई गोड झाली. पाटलांच्या सोप्यात पावण्यांना पोळी-गुळवणी वाढली, पावणे उठून जाताना आपसांत हसले आणि बकरी दावणीला रवंथ करत राहिली. जुलेखानं सकाळीच एक बोचकं बांधलं होतं. रस्त्यावर कोल्हापूरची एसटी थांबली तेव्हा तिनं पोराला आधी चढवलं, खिडकीशी बसवलं आणि शेजारी बसली. आता पोटाचं काय करायचं, ह्याचा विचार तिनं गाडी सुटल्यावर सुरू केला.